चिमूटभर औषधाचा इतिहास

शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगाव लागते. गावाजवळ भातसा नदीवर पूल आहे. जोराच्या पावसात या पुलावर पाणी चढले की शहापूर आणि मुरबाड यांच्यातली वाहतूक थांबते. एरवी या रस्त्यावर भाताच्या गोण्या आणि भाजीच्या पाट्या यांच्या जोडीला एक नवी वाहतूक दिसते. एका बाजूने कोंबडीखाद्याच्या गोण्या येतात आणि दुसऱ्या बाजूने पिंजऱ्यांत भरलेल्या पांढऱ्या ब्रॉयलर कोंबड्या कल्याण, ठाणे, मुंबईकडे जातात. भातशेतीला जोडधंदा म्हणून या भागात शेड उभ्या राहिल्या. अनेक ठिकाणी धंदा कराराने चालतो. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते. शेड, पाणी, वीज आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. सुमारे सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरला की लॉट उचलला जातो आणि वजनावर मोबदला मिळतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये याच शहापूर तालुक्यातील वेहळोलीचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. तेथील एका शेडमधल्या सुमारे शंभर कोंबड्या अचानक मेल्या, तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे ठरले. कोंबड्या मरतात तेव्हा सारी यंत्रणा हलते, आणि ते योग्यच आहे. या लेखात आम्ही ज्या गोष्टीविषयी सांगणार आहोत, तिच्यामुळे मात्र कोंबड्या मरत नाहीत. उलट त्या छान वाढतात. म्हणूनच तिची बातमी होत नाही. ही गोष्ट आहे खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या चिमूटभर प्रतिजैविकाची आणि त्यातून तयार होणाऱ्या, औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंची.

आजारी पक्ष्याला औषध द्यायचे हे आपल्याला समजते. पण ठणठणीत कोंबडीच्या रोजच्या खाद्यात औषध घालावे हे कोणाला आणि का सुचले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला पंचाहत्तर वर्षे मागे आणि पार अमेरिकेपर्यंत जावे लागते.

चोथ्यात सापडलेले औषध

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडीपालन झपाट्याने वाढत होते. मांस, मासळीची भुकटी यांसारखे प्राणिज खाद्य महाग, म्हणून सोयाबीन आणि मका यांवर भागवायचा प्रयत्न चालू होता. पण केवळ वनस्पतिज खाद्यावर पिल्ले खुरटत. प्राणिज पदार्थांत असे काहीतरी आहे की जे वनस्पतींत नाही, एवढे स्पष्ट होते. ते 'काहीतरी' म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड येथील शास्त्रज्ञांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. हे जीवनसत्त्व काही जिवाणू तयार करतात, हेही लक्षात आले.

न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर या गावी लेडर्ले नावाची औषध कंपनी होती. तिच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. रक्तातील फॉस्फरस मोजण्याच्या पद्धतीमुळे हे नाव जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर हे वयाची सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ गावोगावच्या मातीचे नमुने तपासत होते. मिसुरी राज्यातील एका शेताच्या मातीत त्यांना सोनेरी रंगाचा एक जिवाणू मिळाला आणि त्यापासून ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातले पहिले प्रतिजैविक तयार झाले. १९४८ च्या जुलैमध्ये ते जाहीर झाले आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. त्या शोधाला पुढे कोणते वळण लागणार आहे, हे पाहायला ते राहिले नाहीत.

त्याच कंपनीत थॉमस ज्यूक्स हे कोंबड्यांच्या पोषणावर काम करत. ब-१२ चा स्वस्त स्रोत त्यांना हवा होता. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर मोठमोठ्या टाक्यांत जिवाणूंचा जो चोथा उरे, त्यात ब-१२ असणार असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी पिल्लांचे गट पाडले. काहींना साधे वनस्पतिज खाद्य दिले, काहींना त्यात यकृताचा अर्क घालून दिला आणि काहींना चोथा वेगवेगळ्या प्रमाणात दिला. १९४८ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी पिल्ले वजन काट्यावर ठेवली, तेव्हा सर्वांत जास्त चोथा खाल्लेली पिल्ले यकृताच्या अर्कावर वाढलेल्या पिल्लांपेक्षाही वजनदार भरली. एवढी वाढ केवळ जीवनसत्त्वामुळे होणे शक्य नव्हते. ज्यूक्स आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी शोध पुढे नेला, तेव्हा उलगडा झाला की चोथ्यात थोडेसे ऑरिओमायसिन शिल्लक राहिले होते आणि वाढीची किमया त्याचीच होती.

ही किमया नेमकी कशी होते, याची एकाहून अधिक कारणे सांगितली जातात. लपलेले किरकोळ संसर्ग दबतात, आतड्यातील जिवाणू अन्नातला वाटा कमी खातात, अन्न अंगी अधिक लागते. व्यवहाराच्या दृष्टीने हिशेब सोपा होता. टनभर खाद्यात काही ग्रॅम औषध घातले की तेवढ्याच खाद्यात जास्त मांस मिळे. एप्रिल १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला आणि १९५१ मध्ये अमेरिकी सरकारने खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मान्यता दिली.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? प्रतिजैविके दुर्मिळ आणि महाग, म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आपण माणसांसाठी औषध मिळवण्याची धडपड करत होतो, तेव्हा दुसरीकडे त्याच जातीची औषधे घमेल्याने कोंबडीखाद्यात जात होती. प्रतिजैविकांचा इतिहास शिकवताना ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत असे आम्हाला वाटते.

थोडे औषध, बरेच दिवस

धोक्याची सूचना कोणी दिली नव्हती का? दिली होती. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानातच सांगितले होते की, अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतले तर जिवाणू मरणार नाहीत, ते त्याला सरावतील.

'सरावतील' हा शब्द मात्र शिक्षकांनी जपून वापरावा. एकेका जिवाणूला औषधाची सवय होत नाही. समजा, दहा कोटी जिवाणूंत एखादाच जिवाणू जनुकातील अपघाती बदलामुळे औषध सोसू शकतो. औषध नसेल तर तो गर्दीत हरवून जातो. भरपूर औषध दिले तर बहुधा तोही मरतो, किंवा उरलाच तर शरीराच्या संरक्षक पेशी त्याचा निकाल लावतात. पण औषध थोडेसे आणि रोज दिले तर बाकीचे मागे पडतात आणि जागा व अन्न याला मोकळे मिळते. अनुकूल परिस्थितीत जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दहा तासांत तीस वेळा दुप्पट. एकापासून शंभर कोटींवर! डार्विनने सांगितलेली निवड येथे एका रात्रीत घडते.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. एखाद्या औषधाला दाद न देणारा जिवाणू आम्हाला अभ्यासासाठी मुद्दाम तयार करायचा असेल तर आम्ही काय करतो? जिवाणूंची मोठी संख्या घेतो, त्यांना मरणार नाहीत इतपत थोडे औषध देतो आणि हे बरेच दिवस चालू ठेवतो. आता शेड डोळ्यांपुढे आणा. पाच-दहा हजार पक्षी, प्रत्येकाच्या आतड्यात ग्रॅममागे हजार कोटींच्या घरात जिवाणू, खाद्यात चिमूटभर औषध आणि सहा आठवड्यांचा काळ. आमच्या प्रयोगाची ही प्रचंड आवृत्तीच आहे. फरक इतकाच की, आमच्या चंबूला बूच असते आणि शेडला नसते.

हे केवळ तर्काने म्हणायची गरज नाही. १९५१ मध्येच, म्हणजे मान्यता मिळाली त्याच वर्षी, अमेरिकेतील संशोधकांनी टर्की पक्ष्यांना स्ट्रेप्टोमायसिन खाऊ घालून पाहिले. तीनच दिवसांत त्यांच्या आतड्यात त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू दिसू लागले.

जिवाणूंची देवाणघेवाण

तरीही खाद्य कारखानदार म्हणत, कोंबडीचे जिवाणू कोंबडीत. माणसाला त्याचे काय? या युक्तिवादाला पहिला तडा जपानमध्ये गेला. तेथे हगवणीचे असे जिवाणू सापडू लागले की जे एकाच वेळी चार औषधांना दाद देत नव्हते. चार स्वतंत्र अपघाती बदल एकाच जिवाणूत एकदम होणे जवळजवळ अशक्य. १९५९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणू हा गुण हगवणीच्या जिवाणूला सरळ देऊ शकतो. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याजवळ डीएनएची छोटी कडी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की कड्याची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. जात वेगळी असली तरी चालते. वर्गात एका मुलाने गणिताचे उत्तर चिठ्ठीवर लिहून बाकांवरून पुढे सरकवावे, तसाच हा प्रकार. चिठ्ठी मिळालेल्याला गणित सोडवावे लागत नाही. एका चिठ्ठीवर चार गणितांची उत्तरेही असू शकतात.

म्हणजे कोंबडीच्या पोटातील जिवाणूने माणसाला आजारी पाडण्याची गरजच नाही. त्याने आपल्याकडची चिठ्ठी माणसाच्या जिवाणूला दिली तरी पुरे.

इंग्लंडमध्ये १९६० नंतरच्या काही वर्षांत ई. एस. अँडरसन यांनी वासरांत पसरलेल्या साल्मोनेला जिवाणूंचा माग काढला आणि तेच औषधरोधी जिवाणू माणसांतही आल्याचे दाखवले. या वादातून सरकारने मायकेल स्वान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर १९६९ मध्ये आला. माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात घालू नयेत, ही त्यातील मुख्य शिफारस.

अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी आणखी सरळ प्रयोग केला. मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर त्यांनी टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य कोंबड्यांना सुरू केले. आठवडाभरात जवळजवळ सर्व कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. शेतावर राहणाऱ्या माणसांनी औषध घेतले नव्हते, तरी पाच-सहा महिन्यांत त्यांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू टेट्रासायक्लिनरोधी निघाले. शेजाऱ्यांत हेच प्रमाण ६.८ टक्के होते. १९७६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन खाद्यातून काढण्याचा प्रस्ताव मांडला, पण तो बारगळला. केवळ वाढीसाठी माणसांची औषधे वापरणे अमेरिकेत थांबायला २०१७ साल उजाडले.

नाव वेगळे, कुलूप तेच

स्वान समितीच्या शिफारशीत एक पळवाट राहिली होती. माणसांसाठी न वापरली जाणारी प्रतिजैविके खाद्यात चालतील, असा तिचा अर्थ घेतला गेला. अशा औषधांपैकी एक अ‍ॅव्होपार्सिन. ते कोणत्याही रुग्णालयात वापरले जात नसे. पण त्याच्या रेणूची घडण व्हँकोमायसिनसारखी आहे आणि व्हँकोमायसिन हे रुग्णालयांतील एक शेवटचे हत्यार होते. जिवाणूला लेबल वाचता येत नाही, तो रेणूचा आकार ओळखतो. एका कुलपाला बसणारी किल्ली दुसऱ्यालाही बसली. १९८८ मध्ये व्हँकोमायसिनरोधी एंटरोकॉकस जिवाणूंची नोंद झाली आणि पुढील काही वर्षांत तसेच जिवाणू युरोपातील कोंबड्या-डुकरांत मोठ्या संख्येने सापडले.

डेन्मार्कने १९९५ मध्ये अ‍ॅव्होपार्सिनवर बंदी घातली, १९९७ मध्ये युरोपीय संघानेही. १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणेच तेथे बंद झाले. बंदीचा परिणाम डेन्मार्कने नीट मोजून ठेवला आहे. ब्रॉयलर कोंबड्यांपासून मिळालेल्या एका जातीच्या एंटरोकॉकस जिवाणूंत व्हँकोमायसिन गटाला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण १९९५ मध्ये ७२.७ टक्के होते. २००० मध्ये ते ५.८ टक्क्यांवर आले. डुकरांत मात्र काही वर्षे ते हटेना. कारण शोधता असे दिसले की, व्हँकोमायसिनरोधी जनुक आणि टायलोसिन या दुसऱ्या औषधाला रोधणारे जनुक एकाच प्लाझ्मिडवर शेजारी शेजारी होते. टायलोसिनचा वापर चालू होता, त्यामुळे पहिले जनुकही आपोआप जपले जात होते. टायलोसिन कमी झाल्यावरच ते घटले. आणि कोंबडीपालनाचे काय झाले? डेन्मार्कमधील ब्रॉयलर उत्पादन कोसळले नाही, मरतूकही वाढली नाही. स्वच्छ शेड, मोकळी हवा आणि कोरडे तूस असेल तर चिमूटभर औषधाचा फायदा फारसा उरत नाही.

कोलिस्टिनची गोष्ट

आता आपल्याकडे येऊ. कोलिस्टिन हे जपानमध्ये सापडलेले जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले आणि ते जनावरांकडे गेले. पण पुढे इतर औषधे निकामी होऊ लागली, तेव्हा अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी डॉक्टरांना पुन्हा त्याच्याकडेच वळावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी जाहीर केले की, कोलिस्टिनला रोधणारे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर आले आहे. कच्च्या मांसातून मिळालेल्या ई. कोलायपैकी १५ टक्क्यांत, जनावरांकडील २१ टक्क्यांत आणि रुग्णालयातील संसर्गांपैकी १ टक्क्यात ते सापडले. या उतरत्या आकड्यांवरून ते जनावरांकडून माणसांकडे आले असावे, असे अनुमान निघते. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन वापरणे बंद केले. डुकरांतील कोलिस्टिनरोधी ई. कोलायचे प्रमाण दोन-तीन वर्षांत ३४ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आले.

भारतातही चित्र हळूहळू पुढे येत होते. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश होते. २०१७ मध्ये पंजाबातील १८ कुक्कुटपालन केंद्रांवरील ५३० पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनिसिलिनच्या कुळातील नव्या औषधांनाही फोडून टाकणारे एन्झाइम बनवणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण ब्रॉयलरमध्ये ८७ टक्के आणि अंड्यांच्या कोंबड्यांत ४२ टक्के निघाले. अखेर १९ जुलै २०१९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. माणसांसाठीच्या कोलिस्टिनच्या वेष्टनावरही 'पशुखाद्यात वापरू नये' या आशयाची सूचना छापणे आवश्यक ठरले. पर्ल रिव्हरच्या चोथ्यापासून या सूचनेपर्यंत सत्तर वर्षे लागली.

या इतिहासात आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. पुरावा दर वेळी लवकर मिळाला आणि नियम उशिरा आला. आणि दर वेळी नियम एकेका औषधाचे नाव घेऊन आला, जिवाणूंची चिठ्ठी मात्र अनेक औषधांची होती.

वर्गात करण्याजोगे

शाळेत जिवाणू वाढवून हा प्रयोग करू नये, ते धोक्याचे आहे. त्याऐवजी कडधान्ये घ्यावीत. वाटीत ९६ मूग आणि ४ उडीद घाला. मूग म्हणजे औषधाने मरणारे जिवाणू, उडीद म्हणजे न मरणारे. 'औषध' दिले की मुगाचे तीन चतुर्थांश दाणे काढायचे, उडदाला हात लावायचा नाही. मग जे उरले ते दुप्पट करायचे. पहिल्या फेरीनंतर ४८ मूग व ८ उडीद, दुसरीनंतर २४ व १६, तिसरीनंतर १२ व ३२, चौथीनंतर ६ व ६४. चार फेऱ्यांत शेकडा ४ चे शेकडा ९१ झाले! आता औषध थांबवून नुसते दुप्पट करत राहा. प्रमाण बदलत नाही. शेवटी प्लाझ्मिडचा नियम लावा: प्रत्येक उडदाने प्रत्येक फेरीत एका मुगाच्या जागी उडीद ठेवायचा. किती फेऱ्या लागतात ते मुलांनाच मोजू द्या.

मुलांना खाद्याच्या गोणीवरचे लेबलही वाचायला सांगता येईल. मका, सोयाबीनची पेंड, क्षार, जीवनसत्त्वे यांखेरीज कशाचे नाव आहे? मात्र ज्यांच्या घरी शेड आहे त्या मुलांकडे वर्गाने आरोपीसारखे पाहू नये, याची काळजी शिक्षकाने घ्यावी. करारातील शेतकरी गोणी निवडत नाही, ती त्याच्या दारात येते. आजारी पक्ष्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने, पूर्ण मात्रेत औषध देणे यात काही गैर नाही. त्यानंतर ठरलेले दिवस जाईपर्यंत पक्षी विकायचा नाही, एवढे पाळावे लागते. घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत. कोंबडी नीट शिजवली की जिवाणू मरतात, मग ते औषधरोधी असोत वा नसोत. धोका असतो तो कच्चे मांस हाताळलेल्या हातांचा, सुरीचा आणि त्याच पाटावर चिरलेल्या कोशिंबिरीचा.

लॉट उचलला की शेडमधील तूस आणि विष्ठा खत म्हणून भाजीच्या मळ्यात जाते. ते कुजवून घातले तर जिवाणू बरेच घटतात. कच्चेच घातले तर पहिल्या पावसाबरोबर ओढ्याला आणि ओढ्याबरोबर नदीला मिळते. सापगावच्या पुलाखालून वाहणारी भातसा पुढे पिसे येथे अडवली जाते आणि शुद्ध केलेले तिचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. जी कोंबडी सापगावच्या रस्त्याने शहरात जाते, तिच्या शेडचे पाणीही त्याच दिशेने उतरते. गोणीत काय आहे हा प्रश्न म्हणूनच एकट्या शेड चालवणाऱ्याचा नाही.